अब्बांची बुलेट आणि घसरणारा क्लच

कुंभार्ली घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर बुलेटचा आवाज एकदम चढला, आणि गाडी मात्र होती त्याच चालीने, उलट जरा मंदावतच पुढे सरकत राहिली. आम्ही एक्सलेटर आणखी पिळला. इंजिन ओरडू लागले, चाक ऐकेना. मागे बसलेल्या मुलींच्या अम्मीने खांद्यावर हात ठेवला आणि शांतपणे म्हटले, "मी उतरते." पिशवी हातात घेऊन ती पुढच्या वळणापर्यंत चालत आली. आम्हीही पोहोचलो, पण जळक्या वासासकट. तिथून गाडी वळवली, ब्रेक धरत धरत पोफळीला उतरलो आणि कऱ्हाडला फोन करून कळवले की आज येणे होत नाही.

ही बुलेट अब्बांची. १९८४ सालची, ३४६ सीसीची, लोखंडी सिलिंडरवाली. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, म्हणजे आजच्या मुलांच्या दृष्टीने सगळेच उलटे. अब्बा कोयना प्रकल्पावर नोकरीला होते, तेव्हा अलोरे ते चिपळूण ही त्यांची रोजची वाट. आता वय ७८. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून सहा वर्षांपासून ते गाडीवर बसलेले नाहीत. पण पडवीत उभ्या असलेल्या गाडीची धूळ रोज असरनंतर पुसतात.

गाडी विकायची असे ठरले होते, आणि ते अब्बांनीच ठरवले होते. थोरलीला फार्मसीच्या पदविकेला प्रवेश मिळाला, फीचा दुसरा हप्ता डोक्यावर होता. "लोखंडच आहे ते. पोरीच्या शिक्षणाला लागू दे," एवढेच ते बोलले. पुण्याचा एक शौकीन तरुण फोटो पाहून खूश झाला, फोनवर किंमतही ठरली. दोन आठवड्यांनी रविवारी तो येणार होता. येणारा माणूस चालवून बघणारच, आणि चिपळूणहून पुण्याला गाडी चालवत न्यायची तर कुंभार्ली घाट चढावाच लागतो.

आम्ही हायवेवरच्या एका गॅरेजात गेलो. मेकॅनिक ओळखीचा, एकेकाळी आमच्याच वर्गात बसलेला. एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "सर, क्लच गेला. सगळी असेंब्ली टाकावी लागेल." त्याने सांगितलेली रक्कम ऐकून आम्ही गप्प झालो. मग तो जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "विकायचीच आहे ना? स्प्रिंगखाली वॉशर टाकून देतो. महिनाभर कळायचं नाही कुणाला."

खरे सांगायचे तर, त्या रात्री आम्ही मनात हिशेब केला. वॉशर तीन, मजुरी शंभर-दोनशे. जेवताना अब्बांच्या कानावर घातले, जणू काही त्यांचा सल्लाच हवा होता. अब्बांचा हात ताटात थांबला.

"आणि त्यालाही घाटात बायकोला उतरवावं लागलं तर?"

आम्ही काही बोललो नाही.

"ऐब झाकून विकलेल्या पैशाने पोरीला औषधाचं शिक्षण देणार तू?" एवढे बोलून त्यांनी पुन्हा घास घेतला. थोड्या वेळाने म्हणाले, "रविवारी आपणच उघडू. मी खुर्चीवर बसतो."

पुढचे सांगण्याआधी क्लच म्हणजे काय ते सांगायला हवे, कारण आमच्या बऱ्याच भगिनींना हा शब्द फक्त भांडणातच ऐकू येतो ("क्लच नीट सोडत नाहीस!"). आम्ही वर्गात घर्षण शिकवताना एक प्रयोग करतो. दोन वह्या घ्यायच्या, एकीचे एक पान, त्यावर दुसरीचे एक पान, अशी शेवटपर्यंत पाने एकमेकांत घालायची आणि मग दोन मुलांना दोन बाजूंनी ओढायला सांगायचे. वह्या सुटत नाहीत. गोंद नाही, दोरा नाही, तरी सुटत नाहीत. बुलेटचा क्लच हाच प्रयोग आहे. एक घर्षणाची प्लेट, एक स्टीलची प्लेट, पुन्हा घर्षणाची, पुन्हा स्टीलची. घर्षणाच्या प्लेटा इंजिनकडून साखळीने फिरणाऱ्या डब्यात अडकलेल्या, स्टीलच्या प्लेटा गिअरबॉक्सच्या दांड्यावर. तीन स्प्रिंगा हा सगळा थर दाबून धरतात, म्हणून इंजिनची ताकद चाकापर्यंत जाते. हँडलवरचा लिव्हर ओढला की गिअरबॉक्सच्या दांड्यातून गेलेली एक सळई प्रेशर प्लेटला बाहेर ढकलते, दाब सुटतो, पाने मोकळी होतात. आता वहीच्या पानांना तेल लावा, किंवा ती गुळगुळीत करा, किंवा दाब कमी करा. ओढताच सुटतील. घाटात आमचे तेच झाले होते.

रविवारी फजरनंतर चहा झाला आणि पडवीत वर्तमानपत्रे अंथरली. अब्बा खुर्चीवर, आम्ही जमिनीवर, आणि नववीतली धाकटी मध्ये. तिला कुणी बोलावले नव्हते. पाना हातात घेऊन ती आधीच येऊन बसली होती.

आम्ही थेट कव्हरला हात घातला, तशी अब्बांनी काठी आपटली. "उघडायची घाई का? आधी वायर बघ."

क्लच घसरतो तेव्हा दहापैकी किती वेळा दोष नुसत्या वायरीचा निघतो, याचा हिशेब अब्बांकडेच असेल. हँडलवरचा लिव्हर ओढताना सुरुवातीला दोन-तीन मिलिमीटर चाल रिकामी हवी. ती नसेल तर लिव्हर सोडलेला असतानाही सळई प्रेशर प्लेटला थोडी ढकलतच राहते, म्हणजे आपण न ओढताही क्लच अर्धवट ओढलेला. त्यात प्लेटा झिजल्या की थर पातळ होतो, प्रेशर प्लेट सळईच्या आणखी जवळ येते आणि ही चाल आपोआप कमी होत जाते. महिनोन्महिने न बघितलेल्या गाडीत ती संपलेलीच असते. आमचीही संपली होती. गिअरबॉक्सच्या उजव्या अंगाला छोटी टोपी आहे, तिच्याखाली स्क्रू आणि नट. नट ढिला करून स्क्रू थोडा मागे घेतला, चाल आली.

मग किक. बुलेटची किक क्लचमधूनच इंजिन फिरवते, ही गोष्ट मोठ्या कामाची आहे. क्लच चांगला असेल तर कॉम्प्रेशनवर किक अडते, पायाला ठोसा देते. आमची किक लोण्यातून जावी तशी खाली गेली. चाल दिल्यानंतरही.

"आता उघड," अब्बा म्हणाले.

डाव्या बाजूचा फूटरेस्ट काढला, ब्रेकचा पेडल काढला, खाली पत्र्याचा ट्रे सरकवला. बुलेटच्या चेन केसचे एवढे मोठे कव्हर मधोमध एकाच नटावर बसते. ही रचना मूळची इंग्लंडातल्या रेडिचच्या कारखान्यातली. १९५६ मध्ये मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला एनफिल्ड इंडियाने ही गाडी जोडायला सुरुवात केली, पुढे सगळेच भाग इथे बनू लागले. रेडिचचा कारखाना केव्हाच बंद पडला, पण तो एक नट मद्रासने तसाच ठेवला. अब्बांना ह्या नटाचे फार कौतुक. धाकटी म्हणाली, "एकच नट? मग हा गेला तर?" अब्बा म्हणाले, "म्हणून तर तो जपायचा."

कव्हर सुटताच तेल ट्रेमध्ये आले. चेन केसला अर्ध्या लिटरपेक्षाही कमी तेल पुरते. आमच्या ट्रेमध्ये त्याहून बरेच जास्त निघाले. अब्बांनी बोट बुडवले, अंगठ्यावर चोळले, नाकाशी नेले.

"हे कुठलं तेल?"

आणि तिथे आम्हाला २०२१ चा जुलै आठवला. २२ तारखेच्या महापुरात चिपळूण बुडाले, तशी ही गाडीही बुडाली. पडवीत हँडलपर्यंत पाणी होते. पाणी उतरल्यावर घरातला चिखल उपसू की गाडी बघू, अशी अवस्था. इंजिन एका मेकॅनिककडून उघडून घेतले, पण चेन केसचे काम आम्हीच उरकले. पाणी मिसळून दुधाळ झालेले तेल काढले आणि मदतीच्या सामानात कुणीतरी दिलेला मोटारीच्या इंजिन तेलाचा डबा हाताशी होता तो ओतला. पातळीचा बोल्ट उघडून बघायचे सुचलेही नाही. तेल ते तेल, असा आमचा हिशेब.

तेल ते तेल नसते. मोटारीचा क्लच कोरडा असतो, इंजिनच्या तेलाशी त्याचा संबंध नाही. म्हणून मोटारीच्या पुष्कळ तेलांत घर्षण कमी करणारी रसायने घालतात, इंधन वाचावे म्हणून. बुलेटचा क्लच तेलात बुडून चालतो. तिथे तीच रसायने प्लेटांवर बसतात आणि ज्या घर्षणावर सगळा कारभार चालतो तेच मारून टाकतात. मोटारसायकलच्या तेलासाठी जपानी लोकांनी १९९८ मध्ये एक मानक केले. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत 'जेएएसओ एमए' असे लिहिलेले असते. तेच 'एमबी' असेल तर ते कमी घर्षणाचे तेल, गिअर नसलेल्या स्कूटरना चालणारे. घरात ज्यांच्याकडे गिअरची मोटारसायकल आहे त्यांनी पुढच्या वेळी डबा उलटा करून ही दोन अक्षरे वाचावीत. आम्ही शिकवणारे लोक, आणि डब्यावरचे वाचले नाही.

आत पुढच्या बाजूला अल्टरनेटर, मागे क्लच, दोघांमध्ये दुहेरी साखळी. नुसत्या प्लेटा बदलायच्या तर अल्टरनेटरला हात लावायची गरज नाही. क्लचच्या तोंडावरचे तीन स्क्रू काढले, टोपी निघाली, तीन स्प्रिंगा निघाल्या आणि स्प्रिंगांच्या पोटात बसणाऱ्या तीन लहान नळ्या. ह्या नळ्या हरवू नयेत. स्प्रिंग किती दाबली जावी हे ह्या नळीची लांबी ठरवते, म्हणून बुलेटचे हे स्क्रू कमी-जास्त करायचे नसतात, पूर्ण घट्ट करायचे असतात. धाकटीने सगळे एका वाटीत ठेवले. प्लेटा एकेक काढून तिने वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या, खडूने आकडे टाकले आणि मोबाइलवर फोटो काढला. आमच्याकडून कधी झाले नसते ते काम.

घर्षणाच्या प्लेटांवर बोट फिरवले तर काच. स्टीलच्या प्लेटांवर दोन प्रकारचे डाग, काही ठिकाणी तापून निळसर झालेले, काही ठिकाणी गंजाचे खड्डे. तो पुराचा गंज, तीन वर्षे आत बसून प्लेटा खरवडत होता. धाकटीने आरसा आणला. एकेक स्टील प्लेट आरशावर ठेवून कडेला दाबली. एक प्लेट डुगडुगली, म्हणजे वाकलेली. स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या केल्या तर एक नखभर ठेंगणी.

एक सूचना इथेच करतो. जुन्या काळच्या क्लच आणि ब्रेकच्या घर्षणपट्ट्यांत ॲसबेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुप्फुसांना फार वाईट. जुना भाग फुंकर मारून किंवा कोरड्या ब्रशने साफ करू नये, ओल्या फडक्याने पुसावा आणि फडके टाकून द्यावे. आणि धुण्यासाठी पेट्रोल वापरू नये, निदान घरात चूल किंवा गॅस पेटलेला असताना तर नाहीच. आम्ही रॉकेल वापरले, तेही अंगणात.

नव्या प्लेटा, स्प्रिंगा आणि कव्हरचे रबर कोल्हापूरहून मागवले. सगळे मिळून गॅरेजमध्ये सांगितलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यात आले. आलेले सामान अब्बांनी लगेच बसवू दिले नाही. आधी जुन्या प्लेटेशी जाडी जुळवली, मग प्रत्येक प्लेटेचे कान क्लचच्या डब्याच्या खाचेत सरकवून पाहिले. डब्याच्या खाचांच्या कडांवर प्लेटांनी ठोकून ठोकून दातरे पाडले होते. ते कानशीने हलक्या हाताने साफ केले. फार घासले तर खाच रुंद होते आणि प्लेट खडखडते, म्हणून अर्धे दातरे तसेच राहू दिले.

मग नव्या घर्षण प्लेटा रात्रभर योग्य तेलात भिजवायच्या होत्या. त्यासाठी घरातली स्टीलची परात उचलली गेली. सकाळी परातीच्या मालकिणीचे जे बोलणे झाले ते छापण्याजोगे नाही. नवी परात आता आमच्याकडे बाकी आहे.

बसवणे सोपे होते, कारण फोटो होता. पण लिव्हर ओढून पाहिला तेव्हा प्रेशर प्लेट सरळ उठेना, एका अंगाने आधी उठे. ही गोष्ट आम्हाला दिसली नाही, धाकटीला दिसली. वाकडी उठली तर क्लच एका बाजूने सुटतो, एका बाजूने घासतो, आणि गिअर टाकताना कर्रकन आवाज येतो. स्प्रिंगांच्या जागा आपसात बदलून पाहिल्या, थोडा फरक पडला. शेवटी एका स्प्रिंगखाली कागदासारखा पातळ वॉशर घातला, तेव्हा प्लेट सरळ उठू लागली. वॉशर हातात घेताना आम्ही अब्बांकडे पाहिले. ते हसले, पहिल्यांदाच त्या दिवशी. "हा चालेल. पण हाही सांगायचा त्याला."

साखळी बोटाने वरखाली करून पाहिली. सर्वांत ताणलेल्या जागीही पाव इंच ढील हवी, तेवढी होती. रबर लावले, कव्हर चढवले, तो एक नट आवळला, तेल पातळीच्या बोल्टपर्यंत भरले. संपले असे वाटले.

सोमवारी सकाळी शाळेला निघताना पाहतो तर गाडीखाली तेलाचे थारोळे. रबर एका जागी पिळून बसले होते. आमची पहिली इच्छा नट आणखी आवळायची. अब्बा आतून ओरडले, "जोर करू नकोस, कव्हर वाकेल आणि मग जन्मभर गळेल." संध्याकाळी पुन्हा ट्रे, पुन्हा फूटरेस्ट, पुन्हा ब्रेक पेडल. या वेळी रबर बसवायचे काम धाकटीने बारीक बोटांनी केले आणि आम्ही फक्त कव्हर धरून उभे राहिलो. मंगळवारी फरशी कोरडी होती.

शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर घाट. मागे पुन्हा मुलींची अम्मी, या वेळी पिशवी न घेता. "उतरावं लागलं तर मोकळ्या हाताने उतरेन," तिचे म्हणणे. पोफळी सोडली, तिसरे वळण, चौथे, मग ते वळण जिथे ती पायी आली होती. आवाज आणि वेग हातात हात घालून चढले. हेळवाकला चहा घेतला आणि परतलो. तिने फक्त एवढेच विचारले, "परात कधी आणायची?"

रविवारी तो तरुण आला. चक्कर मारून आला तेव्हा चेहरा फुललेला होता, आणि नेमकी तीच वेळ बोलायची होती. आम्ही बोललो. गाडी पुरात बुडालेली आहे. चेन केसमध्ये तीन वर्षे चुकीचे तेल होते. प्लेटा आणि स्प्रिंगा नव्या आहेत, पण डब्याच्या खाचा अर्ध्या दातऱ्यांच्या आहेत, कधी ना कधी डबा बदलावा लागेल. एका स्प्रिंगखाली वॉशर आहे, आणि तो का आहे. काढलेल्या जुन्या प्लेटा कागदात बांधून ठेवल्या होत्या, त्याही समोर ठेवल्या.

तो बराच वेळ प्लेटा उलटसुलट करत बसला. पुराचे ऐकून फुललेला चेहरा उतरला होता, ते स्पष्ट दिसत होते. मग म्हणाला, "सर, पुराचं तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं." आणि ठरल्या किमतीतून आठ हजार कमी केले. आम्हाला ते आठ हजार तेव्हा टोचले, हे लपवत नाही. हप्त्यात तेवढेच कमी पडत होते. अब्बांनी मान डोलावली, आणि आम्ही हो म्हटले. उरलेले शिक्षक पतपेढीतून उचलले.

"काम कुणी केलं?" त्याने विचारले. आम्ही धाकटीकडे बोट केले. त्याला थट्टा वाटली. मग तिने त्याला नळ्या, स्प्रिंगा आणि पातळीचा बोल्ट असे सगळे क्रमाने सांगितले, तेव्हा त्याने वही मागून लिहून घेतले.

टेम्पो न करता गाडी त्याने चालवतच नेली. बहादूरशेख नाक्याकडे आवाज वळेपर्यंत अब्बा कान देऊन बसले होते, मग आत जाऊन पडले. असर झाली तरी बाहेर आले नाहीत. पुसायला काही उरले नव्हते.

संध्याकाळी पाटणहून फोन आला. घाट आरामात चढली, तिसऱ्यातच बरीच खेचली, असे तो सांगत होता. अब्बांनी उठून आमच्या हातातून फोन घेतला.

"वास आला का? जळका?"

"नाही, चाचा."

"पाचशे किलोमीटर झाले की वायरीची चाल बघ," अब्बा म्हणाले, आणि त्याला ती टोपी कुठे आहे ते पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.